उपग्रह कोणाचा, हुकूम कोणाचा?

पाठ-परिचय : दूरदर्शन, दूरध्वनी, हवामानाचा अंदाज यांसाठी उपग्रहांचा उपयोग होतो, हे आपल्याला माहीत आहे. खाजगी कंपन्यांचे हेच उपग्रह आता देशोदेशींची लष्करेही भाड्याने घेतात. ही पद्धत कशी सुरू झाली, तिचे फायदे कोणते आणि तिच्यामुळे कोणते प्रश्न उभे राहिले, यांची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ चा दिवस. जर्मनीतील पवनचक्क्या नेहमीप्रमाणे फिरत होत्या. त्यांच्यापासून वीजही तयार होत होती. परंतु या पवनचक्क्यांवर दुरून देखरेख ठेवणाऱ्या कंपनीला सुमारे ५,८०० पवनचक्क्यांकडून संदेश येणे एकाएकी बंद झाले. पवनचक्क्यांच्या यंत्रांत काहीही बिघाड नव्हता. त्यांचे संदेश वाहून नेणारा दुवाच तुटला होता.

हा दुवा म्हणजे ‘का-सॅट’ नावाचा उपग्रह. तो व्हायासॅट या अमेरिकन कंपनीचा आहे. युरोपातील हजारो घरांना आणि कार्यालयांना त्याच्यामार्फत इंटरनेट मिळत असे. युक्रेनचे लष्करसुद्धा याच सेवेचे ग्राहक होते. त्या दिवशी पहाटे रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. आक्रमणाच्या सुमारे एक तास आधी या सेवेवर संगणकाद्वारे हल्ला झाला. उपग्रहाचे संकेत संगणकाला समजतील असे करून देणाऱ्या पेटीला मोडेम म्हणतात. अशा हजारो मोडेममधील सूचना पुसून टाकण्यात आल्या आणि ते निकामी झाले. उपग्रह आकाशात सुखरूप होता. पण जमिनीवर त्याचे बोलणे ऐकणारे कोणी उरले नाही. पुढे मे २०२२ मध्ये युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका यांनी या हल्ल्याची जबाबदारी रशियावर टाकली.

घाव होता युक्रेनच्या लष्करावर, पण तो लागला जर्मनीतील पवनचक्क्यांनाही. असे का घडले? कारण सामान्य ग्राहक आणि सैन्य एकाच कंपनीचा एकच उपग्रह वापरत होते.

सैन्याने व्यापाऱ्याची मदत घेणे ही काही नवी गोष्ट नाही. पूर्वी दख्खनच्या मुलखात बंजारे आपल्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव फिरत. मोठी फौज मोहिमेवर निघाली, की धान्य पुरवण्याचे काम हेच बंजारे करत. बैल त्यांचे, माल त्यांचा आणि दामही रोख. आजच्या काळात फौजेला धान्याइतकीच खबरेची गरज असते. शत्रू कोठे आहे, आपली तुकडी कोठे पोहोचली, पूल शाबूत आहे की पडला, हे ज्याला आधी कळते त्याची बाजू वरचढ ठरते. ही खबर पुरवण्याचे काम आता उपग्रह करतात. बैल जसा बंजाऱ्याचा असे, तसे त्यांतील अनेक उपग्रह कंपन्यांचे असतात.

सुरुवातीला मात्र असे नव्हते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर काही वर्षे उपग्रह म्हणजे सरकारचेच काम होते. अमेरिकेने ‘कोरोना’ नावाचे हेर-उपग्रह बनवले. ते आकाशातून छायाचित्रे घेत. फिल्मची डबी हवाई छत्रीने खाली येई आणि विमान ती हवेतल्या हवेत पकडून घेई. १९६० मध्ये हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला. ही सारी कामगिरी गुप्त होती.

त्याच सुमारास व्यापारी उपग्रहही आले. १९६२ मध्ये एका अमेरिकन दूरध्वनी कंपनीचा ‘टेलस्टार’ उपग्रह अवकाशात गेला. १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ हा पहिला व्यापारी दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवण्यात आला. या उंचीवरील उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी करायला पृथ्वीच्या एका फिरण्याइतकाच वेळ लागतो. त्यामुळे विषुववृत्ताच्या वरचा असा उपग्रह आकाशात एका जागी स्थिर असल्यासारखा भासतो. अशा उपग्रहांमार्फत परदेशांशी बोलण्यासाठी १९७१ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे भू-केंद्र सुरू झाले.

उपग्रहांची मुख्य कामे तीन. पहिले काम संदेश पोहोचवणे, दुसरे काम पृथ्वीवर नजर ठेवणे आणि तिसरे काम ठिकाण सांगणे. ही तिन्ही कामे जशी नागरिकांच्या उपयोगाची, तशीच सैनिकांच्याही उपयोगाची आहेत. शेतातील पीक दाखवणारा कॅमेरा त्याच शेतातून जाणारा रणगाडाही दाखवतो. म्हणूनच उपग्रहाला दुहेरी उपयोगाचे साधन म्हणतात.

१९९१ च्या आखाती युद्धात ही गोष्ट जगाच्या ध्यानात आली. इराकने कुवेतचा ताबा घेतला होता. त्याविरुद्ध अमेरिका आणि तिचे मित्रदेश लढत होते. त्यांच्याजवळ गुप्त उपग्रह होते; तरीही नकाशे तयार करण्यासाठी त्यांनी फ्रान्सच्या ‘स्पॉट’ उपग्रहाची चित्रे विकत घेतली. ही चित्रे पैसे देणाऱ्या कोणालाही एरवी मिळत असत. युद्धकाळात मात्र इराकला ती विकणे बंद करण्यात आले.

याच युद्धात वाळवंटात वाट शोधण्यासाठी सैनिकांना जी.पी.एस. यंत्रे हवी होती. जी.पी.एस. चे उपग्रह अमेरिकन लष्कराचे. पण लष्करी यंत्रे पुरेशी नव्हती. मग बाजारात नागरिकांसाठी मिळणारी यंत्रे हजारोंच्या संख्येने विकत घेण्यात आली. त्या काळी नागरिकांच्या यंत्रांना मुद्दाम थोडी चुकीची माहिती पाठवली जात असे, म्हणजे शत्रूने ती वापरली तरी त्याला अचूक ठिकाण कळू नये. आता आपल्याच सैनिकांच्या हातात तीच यंत्रे आली! तेव्हा अमेरिकेला ही चूक घालण्याची पद्धत युद्धापुरती थांबवावी लागली. मे २००० मध्ये ती कायमची बंद झाली.

कंपन्यांनाही लष्कराचा आधार लागतो. ‘इरिडियम’ ही त्याची चांगली कथा आहे. जगात कोठूनही बोलता यावे म्हणून या कंपनीने ६६ उपग्रहांचे जाळे उभारले. सेवा १९९८ मध्ये सुरू झाली. पण फोन जड होते, दर महाग होते आणि ग्राहक फारच थोडे मिळाले. १९९९ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. चालू स्थितीतील उपग्रह वातावरणात पाडून जाळून टाकण्याची तयारी सुरू झाली. तेवढ्यात डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. नव्या मालकांनी उपग्रह विकत घेतले आणि जाळे वाचले. आज समुद्रातील जहाजे आणि डोंगरांवरील गिर्यारोहकही त्याच जाळ्याचा उपयोग करतात.

१९९९ मध्ये ‘इकोनोस’ हा खाजगी उपग्रह अवकाशात गेला. जमिनीवरील सुमारे एक मीटर आकाराची वस्तू त्याच्या चित्रात ओळखता येई. इतकी स्पष्ट चित्रे त्यापूर्वी फक्त सरकारांजवळ असत. २००१ मध्ये अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले, तेव्हा अमेरिकन सरकारने एक युक्ती केली. अफगाणिस्तानची ‘इकोनोस’ने घेतलेली सारी चित्रे दोन महिने त्यांनीच विकत घेतली. कायद्याने बंदी घातली नाही. फक्त पैसे मोजले आणि दुकानातील सगळा माल उचलला. त्यामुळे वृत्तपत्रांना आणि इतर देशांना ती चित्रे त्या काळात मिळू शकली नाहीत.

लष्कराला भाड्याची सेवा का आवडते? पहिले कारण पैशाचे आहे. स्वतःचा उपग्रह बनवायला मोठा खर्च येतो आणि कित्येक वर्षे लागतात. भाड्याची सेवा करार होताच सुरू होते. दुसरे कारण संख्येचे आहे. शेकडो लहान उपग्रहांपैकी काही बंद पडले, तरी बाकीचे काम चालू ठेवतात. तिसरे कारण वेगळेच आहे. गुप्त उपग्रहाचे चित्र कोणाला दाखवता येत नाही. कारण त्यावरून आपली ताकद शत्रूला कळते. कंपनीचे चित्र मात्र मित्रदेशाला देता येते आणि वृत्तपत्रात छापताही येते.

युक्रेनच्या युद्धात ही सारी कारणे एकत्र दिसली. व्हायासॅटची सेवा कोलमडल्यावर दोनच दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनचे मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी स्पेसएक्स कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांना जाहीर संदेश पाठवून मदत मागितली. काही तासांतच कंपनीने आपली ‘स्टारलिंक’ सेवा युक्रेनमध्ये सुरू केली. २८ फेब्रुवारीला यंत्रांचा पहिला साठा तेथे पोहोचला.

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. उंची कमी असल्याचा फायदा साध्या हिशोबाने समजतो. रेडिओ लहरी एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत खाली येण्यासाठी त्यांना जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद होतो. जवळच्या उपग्रहाकडून उत्तर याच्या कितीतरी पट लवकर येते. पण जवळचा उपग्रह क्षितिजापलीकडे लगेच निघून जातो. म्हणून एकापाठोपाठ एक असे हजारो उपग्रह लागतात.

या सेवेमुळे युक्रेनमधील रुग्णालये, कार्यालये आणि घरे जगाशी जोडलेली राहिली. त्याच सेवेवरून सैनिक वैमानिकरहित विमानांची दृश्ये पाहत आणि तोफांना निशाण सांगत. दुसरीकडे मॅक्सार या अमेरिकन कंपनीच्या चित्रांत कीव शहराकडे निघालेला रशियन वाहनांचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा जगाने पाहिला. बुचा गावातील रस्त्यांवर नागरिकांचे मृतदेह आढळले, तेव्हा ते रशियन सैन्य गेल्यानंतर ठेवले असा दावा रशियाने केला. परंतु गाव रशियाच्या ताब्यात असतानाच ते रस्त्यावर पडलेले होते, हे मार्च २०२२ मध्ये घेतलेल्या उपग्रह-चित्रांत दिसले. म्हणजे व्यापारी उपग्रहाने साक्षीदाराचेही काम केले.

ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एक नवलाची गोष्ट घडली. युक्रेनमधील लोकांनी वर्गणी काढून सैन्यासाठी पैसे जमवले होते. सेर्ही प्रितुला यांच्या संस्थेने त्या पैशांतून फिनलंडमधील आइसआय या कंपनीच्या एका उपग्रहाचा उपयोग करण्याचा हक्क विकत घेतला. हा रडारचा उपग्रह आहे. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार करतो. त्यामुळे रात्र असो की ढग असोत, त्याला दिसतेच. वर्गणीतून विहीर बांधल्याचे आपण ऐकतो. येथे वर्गणीतून आकाशातील नजर मिळाली!

मात्र उसन्या नजरेचा भरवसा किती धरायचा? हा प्रश्न लवकरच पुढे आला. २०२२ मध्येच युक्रेनने क्रिमियाच्या किनाऱ्यापर्यंत स्टारलिंक सेवा सुरू करण्याची विनंती केली होती. तेथील रशियन नौदलावर हल्ला करण्याचा बेत होता. मस्क यांनी ही विनंती मान्य केली नाही. तसे केले असते तर आपली कंपनी युद्धाच्या एका मोठ्या कृत्यात सामील झाली असती, असे त्यांनी २०२३ मध्ये सांगितले. त्यांचे म्हणणे कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण लढाईची सीमा कोठपर्यंत असावी, हे ठरवणारा माणूस येथे राजा नव्हता, सेनापती नव्हता आणि लोकांनी निवडलेला मंत्रीही नव्हता. तो एका कंपनीचा मालक होता. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने युक्रेनसाठी या सेवेचा रीतसर करार केला.

सरकारच्या हातात दोर असला, म्हणजे चिंता मिटते असेही नाही. युक्रेनला मॅक्सारची चित्रे अमेरिकन सरकारच्या योजनेतून मिळत असत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने ही सोय काही दिवस थांबवली आणि मग पुन्हा सुरू केली. उपग्रह तोच होता, चित्रेही निघत होती. पण ती पाहण्याचा दरवाजा दुसऱ्याच्या हुकमाने बंद झाला.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियाच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत इशारा दिला, की युद्धात मदत करणारे खाजगी उपग्रह प्रतिहल्ल्याचे लक्ष्य ठरू शकतात. युद्धाच्या कायद्याप्रमाणे सैनिक आणि नागरिक यांच्यात फरक करावा लागतो. पण एकाच उपग्रहातून तोफेचा निशाणा आणि रुग्णालयाचा निरोप जात असेल, तर हा फरक कसा करायचा?

शिवाय अवकाशात फोडलेली वस्तू तेथेच फिरत राहते. जवळच्या कक्षेतील तुकडे एका सेकंदात सुमारे साडेसात किलोमीटर धावतात. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत या चार देशांनी आपापले उपग्रह पाडून अशी ताकद आजमावली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपला एक जुना उपग्रह फोडला. त्याचे १,५०० हून अधिक मोठे तुकडे झाले. त्या वेळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीरांना आपापल्या यानांत आश्रय घ्यावा लागला. त्यांत रशियाचे अंतराळवीरही होते. आकाशात फेकलेला दगड मित्र आणि शत्रू ओळखत नाही.

अवकाशासाठी १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. अण्वस्त्रे कक्षेत ठेवण्यास त्याने मनाई केली आहे. एखाद्या देशातील खाजगी संस्थेने अवकाशात केलेल्या कामाची जबाबदारी त्या देशावर राहील, असेही त्यात म्हटले आहे. परंतु हा करार झाला, तेव्हा हजारो उपग्रहांची मालक असलेली कंपनी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आपल्या देशापुढेही हा विषय आला आहे. भारतीय नौदलासाठी २०१३ मध्ये ‘जीसॅट-७’ आणि वायुदलासाठी २०१८ मध्ये ‘जीसॅट-७ए’ हे उपग्रह सोडण्यात आले. ते इस्रो या सरकारी संस्थेने बनवले. २०२० पासून खाजगी कंपन्यांना अवकाश क्षेत्राची दारे उघडण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये देखरेखीच्या ५२ उपग्रहांच्या योजनेला सरकारने मंजुरी दिली. त्यांपैकी ३१ उपग्रह खाजगी कंपन्यांनी बनवायचे आहेत. म्हणून हे प्रश्न केवळ दूरच्या देशांचे नाहीत.

उपग्रहाची नजर केवळ युद्धावर नसते. पूर किंवा भूकंप झाला, की अनेक देशांच्या अवकाश संस्था आपल्या उपग्रहांची चित्रे मदतकार्यासाठी मोफत देतात. त्यासाठी त्यांनी आपसांत करार केला असून इस्रोही त्यात सामील आहे. कोणी, केव्हा आणि काय द्यायचे हे तेथे आधीच लिहिलेले असते. त्यामुळे संकटाच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

युद्धासाठी भाड्याने घेतलेल्या उपग्रहांबाबतही हाच धडा घेण्यासारखा आहे. उपग्रह कोणाचा, एवढे विचारून भागत नाही. त्याला हुकूम कोण देणार, सेवा कोण बंद करू शकणार आणि त्यात सामान्य माणसाचे नुकसान झाले तर जाब कोणाला विचारायचा, हे सारे पहिली तोफ उडण्यापूर्वीच कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

शब्दार्थ

देखरेख – लक्ष ठेवणे
दुवा – जोडणारी गोष्ट
निकामी – उपयोग न राहिलेला
मुलूख – प्रदेश
शाबूत – न मोडलेले, चांगल्या स्थितीतील
दळणवळण – निरोप, माणसे किंवा माल यांची ये-जा
ताफा – एकापाठोपाठ जाणाऱ्या वाहनांचा समूह
कक्षा – उपग्रहाचा फिरण्याचा मार्ग
दिवाळे निघणे – कर्ज फेडण्याइतके पैसे न उरणे
जाब विचारणे – केलेल्या कामाबद्दल उत्तर मागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘का-सॅट’ उपग्रह कोणत्या कंपनीचा आहे?
(आ) आर्वी येथील भू-केंद्र कोणत्या वर्षी सुरू झाले?
(इ) रडारच्या उपग्रहाला रात्रीही का दिसते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) २४ फेब्रुवारी २०२२ रोजी जर्मनीतील पवनचक्क्यांचे संदेश बंद का झाले?
(आ) लष्कराला भाड्याची उपग्रह-सेवा का आवडते? तीन कारणे सांगा.
(इ) ‘इरिडियम’चे जाळे कसे वाचले?

३. कारणे द्या.
(अ) आखाती युद्धात जी.पी.एस. मध्ये चूक घालण्याची पद्धत थांबवावी लागली.
(आ) जवळच्या कक्षेत हजारो उपग्रह लागतात.

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
नजर ठेवणे, वर्गणी काढणे, जाब विचारणे, बाजू वरचढ ठरणे.

५. खालील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठीत आणि उर्दूत एकच अर्थ आहे का, ते वर्गात सांगा.
हुकूम, फौज, खबर, नजर, करार, मुलूख.

६. ‘युद्धकाळात उपग्रह-सेवा बंद करण्याचा अधिकार कंपनीच्या मालकाला असावा का?’ या विषयावर आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.